चार कोटी अंकी मूळ संख्या : भाग जात नाही हे ठरवलं कुणी आणि कसं?

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

२^१३६२७९८४१ − १ ही आजची सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या. १३,६२,७९,८४१ वेळा दोन मांडायचे, सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि एक वजा करायचा. उत्तर भरतं ४,१०,२४,३२० अंकांचं. ल्यूक ड्युरांट नावाच्या अमेरिकन माणसाने ती शोधल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं. हा गृहस्थ पूर्वी एनव्हिडियात इंजिनियर होता. बातमी बहुतेकांनी तेव्हा वाचली असेलच.

माझी शंका शाळकरी आहे. संख्या मूळ आहे का बघायचं तर २, ३, ५, ७, ११ असं करत वर्गमुळापर्यंत भागत जायचं, एवढंच आम्हाला शिकवलं. इथे वर्गमूळच दोन कोटी अंकी. जगातले सगळे कॉम्प्युटर कामाला लावले तरी सूर्य विझेपर्यंत हे भागाकार व्हायचे नाहीत. मग 'हिला कशानेच भाग जात नाही' असं छातीठोक सांगणाऱ्यांनी नक्की केलं काय?

दुसरं म्हणजे उपयोग. आमच्या सकाळच्या पर्वती ग्रुपातले एक निवृत्त बँकवाले म्हणतात, तुमचा ओटीपी असल्याच संख्यांवर चालतो. दुसरे म्हणतात, शुद्ध रिकामटेकडेपणा. मी तूर्त दुसऱ्यांच्या बाजूला.

कांदाभजी

पहिला! आता धागा वाचतो.

खडकीचा_खडूस

पुण्यात राहून रिकामटेकडेपणाला नावं ठेवता? निम्म्या शहराचा तोच जोडधंदा आहे.

फळापुसणी

तीस-एक वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे शंकेचं उत्तर द्यायचा मोह आवरत नाही. भागाकार कुणीच केले नाहीत. २^घात − १ या साच्यातल्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात (फादर मर्सेन, फ्रेंच धर्मगुरू, १६४४ मध्ये यादी करून गेले, यादीत चुकाही करून गेले). या साच्यापुरती एक खास परीक्षा आहे. ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ च्या सुमारास ती शोधली आणि लेहमर या अमेरिकन गणितज्ञाने १९३० मध्ये तिला आजचं रूप दिलं. कागद-पेन घ्या, १२७ वर करून दाखवते. १२७ म्हणजे २^७ − १.

सुरुवात ४ पासून. प्रत्येक पायरीला वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून फक्त बाकी ठेवा.

४ चा वर्ग १६, उणे २, १४.
१४ चा वर्ग १९६, उणे २, १९४. बाकी ६७.
६७ चा वर्ग ४४८९, उणे २, ४४८७. बाकी ४२.
४२ चा वर्ग १७६४, उणे २, १७६२. बाकी १११.
१११ चा वर्ग १२३२१, उणे २, १२३१९. आणि १२७ × ९७ बरोबर १२३१९. बाकी शून्य!

घात ७, पायऱ्या त्याहून दोन कमी, म्हणजे ५. शेवटच्या पायरीला शून्य आलं तर संख्या मूळ. दुसरं काहीही आलं तर संयुक्त. मधली पळवाट नाही. आपल्या राक्षसाच्या बाबतीत हेच, फक्त पायऱ्या १३,६२,७९,८३९ आणि प्रत्येक पायरीला चार कोटी अंकी संख्येचा वर्ग.

आणि हो, घात स्वतः मूळ असावा लागतो. घात संयुक्त असेल तर कष्टच नकोत: २^६ − १ = ६३, त्याला २^२ − १ म्हणजे ३ नेही भाग जातो आणि २^३ − १ म्हणजे ७ नेही. उलट मात्र खरं नाही. घात ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

कांदाभजी

बाई, दंडवत. मला दहावीला तुम्ही असता तर आज भजी तळत नसतो. (तळत नाही, खातो. पण भावना पोचल्या असतील.)

मुठाकाठ

फळापुसणीताई, चहाला उकळी येईपर्यंत तुमची परीक्षा २०४७ वर लावून पाहिली. ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य नाही, म्हणजे संयुक्त. पण गंमत बघा, या सगळ्या उठाठेवीत २३ किंवा ८९ कुठेच दिसले नाहीत! अवयव आहेत हे कळलं, कोणते ते नाही कळलं.

फळापुसणी

अगदी मर्मावर बोट ठेवलंत. ल्युकाने १८७६ मध्ये २^६७ − १ संयुक्त असल्याचं असंच दाखवलं होतं, अवयव हाती न लागता. ते मिळाले १९०३ मध्ये. फ्रँक नेल्सन कोल नावाचे प्राध्यापक न्यूयॉर्कला अमेरिकन गणित सोसायटीच्या सभेत व्याख्यानाला उभे राहिले. फळ्याच्या एका बाजूला २^६७ − १ चं उत्तर काढलं: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने मांडून पुरा केला. दोन्ही उत्तरं तीच. खडू ठेवला, जागेवर जाऊन बसले. तोंडातून शब्द नाही! सभेने टाळ्या वाजवल्या. किती वेळ लागला असं पुढे कुणी विचारल्यावर म्हणाले म्हणे, तीन वर्षांचे रविवार.

खडकीचा_खडूस

एक शब्द न बोलता संपलेलं व्याख्यान! वसंत व्याख्यानमालेला बोलवा हो असे वक्ते.

गोखलेनगरकर

तीन वर्षांचे रविवार घरच्यांनी दिले, ही खरी बातमी. आमच्याकडे एका रविवारी पंखे पुसले नाहीत तर सोमवारपर्यंत ऐकावं लागतं.

पर्वतीपायथा

ताई, रीत कळली, १२७ वर करूनही पाहिली. पण '४ पासून सुरू करा, वर्ग करा, २ वजा करा' हे मला सत्यनारायणाच्या पोथीसारखं वाटतंय. असं केलं की असं फळ मिळतं. का मिळतं?

शून्यबाकी

का चालतं ते सांगायचा प्रयत्न करतो. पाषाणला संशोधन करतो, माझा विषय वेगळा आहे, पण ही सिद्धता मला फार आवडते. जरा सावकाश वाचा.

४ आकाशातून पडलेला नाही. (२+√३) आणि (२−√३) यांची बेरीज ४, गुणाकार १. गुणाकार १ असल्यामुळे बेरजेचा वर्ग करून २ वजा केले की दोघांच्या वर्गांची बेरीज मिळते. म्हणजे ताईंच्या प्रत्येक पायरीला आपण √३ ला हात न लावता (२+√३) चा घात दुप्पट करत चाललोय. शेवटी शून्य येणं याचा अर्थ एवढाच निघतो की त्या संख्येच्या बाक्यांच्या जगात (२+√३) चे घात करत गेलं तर ते फिरून १ वर यायला बरोबर २^p पावलं लागतात, एकही कमी नाही. p म्हणजे आपला घात.

आता समजा संख्या मूळ नाही. मग तिचा सर्वात लहान मूळ अवयव q घ्या. तो वर्गमुळाच्या आतलाच असणार, म्हणजे q² हा २^p पेक्षा लहान. q च्या बाक्यांच्या जगात 'अमुक अधिक तमुक √३' अशा एकूण संख्या किती? अमुकला q पर्याय, तमुकला q पर्याय, म्हणजे फार तर q². वाड्यात खोल्या q², आणि पाहुणा २^p रात्री रोज नव्या खोलीत झोपलो म्हणतोय. खोल्या पुरतच नाहीत. म्हणजे q असूच शकत नाही, संख्या मूळ.

उलट बाजू, म्हणजे मूळ असेल तर शून्य आलंच पाहिजे, तिला थोडं जास्त यंत्रसाहित्य लागतं. ते इथे लिहीत नाही. पण 'मूळ आहे' या दाव्याला वरची बाजू पुरते.

मुठाकाठ

वाचनखूण साठवली. दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं, तिसऱ्यांदा वाचल्यावर आवडलं.

पर्वतीपायथा

खोल्यांचं पटलं. म्हणजे कॉम्प्युटरने नुसती आकडेमोड केली, 'मूळ आहे' हे म्हणायचा अधिकार सिद्धतेने दिला. असंच ना?

शून्यबाकी

तंतोतंत.

अंकयोगी

विषयांतर नाही, पण अंकशास्त्राच्या दृष्टीने या संख्येचा मूलांक कोणी काढला आहे का? चार कोटी अंकांची बेरीज करणं मला शक्य नाही. मूलांक कळल्यास संख्येच्या स्वभावावर प्रकाश टाकता येईल.

खडकीचा_खडूस

स्वभाव सांगतो: अविवाहित, कुणाशी पटत नाही, वाटणीत अडेल. सदाशिव पेठ.

मुठाकाठ

अंकयोगी, मूलांक ४. बेरीज करायची गरजच नाही. अंकांच्या बेरजेची बेरीज म्हणजे ९ ने भागल्यावरची बाकी. दोनाच्या घातांच्या ९ ने येणाऱ्या बाक्या २, ४, ८, ७, ५, १ अशा सहाच्या चक्राने फिरतात. १३६२७९८४१ ला ६ ने भागलं की बाकी ५, म्हणून चक्रातली पाचवी बाकी, ५. त्यातून एक वजा, ४.

अशाच रीतीने शेवटचे अंकही काढता येतात. २^२ पासून पुढे शेवटचे दोन अंक दर वीस घातांनी तेच येतात. १३६२७९८४१ ला २० ने भागून बाकी १, म्हणजे २^२१ = २०९७१५२ चेच शेवटचे दोन अंक, ५२. एक वजा, ५१. अख्खी फाइल नेटवर आहे, तिचा शेवट ८७१५५१ असा आहे. दोन ओळींत चार कोटी अंकांचं शेपूट हाती लागतं.

अंकयोगी

४ म्हणजे राहू. अचानक लाभ, परदेशाशी संबंध, यंत्रसामग्री. बघा, तंतोतंत जुळतं.

शून्यबाकी

३१ चा मूलांकही ४ आहे. तिला कुठलाच लाभ झालेला दिसत नाही.

हिंजवडी_फेज३

बँकवाल्या काकांच्या मुद्द्याकडे येतो, कारण हा गैरसमज आमच्या ऑफिसातही आहे. ओटीपी सोडा, त्याचं तंत्र वेगळंच आहे. पण बँकेच्या साइटला कुलपाचं चिन्ह दिसतं, त्यामागे अनेकदा आरएसए नावाची कुलूपपद्धत असते आणि तिच्यात मूळ संख्या खरंच लागतात. मात्र त्या गुप्त हव्यात. २०४८ बिटांच्या किल्लीत दोन मूळ संख्यांचा गुणाकार असतो, प्रत्येकी साधारण ३०९ अंकी, आणि तुमचं मशीन त्या हव्या तेव्हा क्षणात नव्या शोधतं. ही चार कोटी अंकी संख्या सगळ्या जगाला पाठ. कुलपाची किल्ली म्हणून तिचा उपयोग शून्य. शिवाय एवढी किल्ली वापरली तर पान उघडेपर्यंत बँक बंद व्हायची वेळ होईल.

थोडक्यात, मूळ संख्यांशिवाय नेट बँकिंगचं पान हलत नाही, पण या मूळ संख्येशिवाय काहीही अडत नाही.

तिची एक धाकटी बहीण मात्र आम्हाला रोज भेटते: २^३१ − १ = २१४७४८३६४७. ऑयलरने १७७२ मध्ये ती मूळ असल्याचं सिद्ध केलं. आज ती ३२ बिटांच्या धन-ऋण पूर्णांकाची कमाल मर्यादा आहे. जुन्या सिस्टिम १९७० पासूनचे सेकंद याच डब्यात मोजतात आणि तो भरणार १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. मंगळवार आहे, सुट्टी टाकून ठेवली आहे.

वीजबिल

म्हणजे धागाकर्त्याचे दुसरे मित्र बरोबर. सतरा देशांतल्या डेटा सेंटरमध्ये हजारो ग्राफिक कार्डं तापवली, हाती काय आलं? शोधणाऱ्याला बक्षीस ३००० डॉलर. शाळांत पंखे नाहीत आणि इकडे असले चोचले. राग मानू नका, पण गणितवाल्यांना 'का' विचारलं की ते 'सुंदर आहे' म्हणतात.

तपकीरगल्ली

वीजबिलसाहेब, मी गणितवाला नाही, दुकानदार आहे. मशीन जोडून विकायचो. मर्सेनवाल्यांचा जो प्रोग्रॅम आहे, प्राइम९५, जॉर्ज वोल्टमन यांचा, १९९६ पासूनचा, तो आमच्या धंद्यात प्रत्येकाला ठाऊक. कुणालाही मूळ संख्या नको असायची. पार्ट जोडले, पेस्ट लावली, कूलर बसवला की रात्रभर तो लावून ठेवायचा आणि शटर ओढायचं. प्रोसेसरला घाम फोडणारं त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सकाळी चालू दिसला तर मशीन गिऱ्हाइकाला. स्क्रीनवर चूक दाखवून थांबलेला असला तर रॅम काढा, पॉवर सप्लाय बदला, पुन्हा लावा. एका गिऱ्हाइकाने स्वस्तातला कूलर बसवायचा हट्ट धरला होता, त्याच्यासमोरच लावला. चहा संपायच्या आत मशीन झोपलं. निमूट वरचा कूलर घेतला.

का, तर वर्ग करत जाण्याच्या या कामात एका पायरीला एक बिट चुकलं की पुढचं सगळं मुसळ केरात. त्यामुळे चूक लपत नाही.

हिंजवडी_फेज३

तपकीरगल्ली +१. आणि याच जातीचा मोठा किस्सा १९९४ चा. थॉमस नाइसली नावाचे प्राध्यापक जोडमूळ संख्यांचे (दोनच्या अंतरावरच्या मूळ संख्यांच्या जोड्यांचे) व्यस्त मिळवत होते. ८२४६३३७०२४४१ आणि ८२४६३३७०२४४३ या जोडीपाशी भागाकार चुकतोय असं त्यांच्या लक्षात आलं. प्रोग्रॅम तपासला, मशीन बदलून पाहिलं, शेवटी दोष निघाला पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात. इंटेलला चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. कुणाच्याही कामाच्या नसलेल्या संख्यांनी तो दोष बाहेर काढला.

वीजबिल

हे मान्य. पण हा जोडलाभ झाला. कुणी चिपची चूक शोधायला म्हणून बसलं नव्हतं.

फळापुसणी

कापरेकरांना हेच विचारलं असतं लोकांनी. फर्ग्युसनचे विद्यार्थी, देवळालीला शाळामास्तर, आणि संख्यांशी खेळणं हा आयुष्यभराचा छंद. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा, पुन्हा तेच. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ वर येऊन थांबता. उपयोग? काहीही नाही. मी मात्र दरवर्षी पाचवीच्या वर्गाला हे घालायची. वजाबाकीचा कंटाळा असलेली पोरं मधल्या सुट्टीतही वजाबाक्या करत बसायची. वीजबिलरावांना हाही जोडलाभच वाटेल, वाटू दे.

गणेशखिंड

अवांतर, पण पुणेरी अवांतर. विद्यापीठाचा पिनकोड ४११००७ ही मूळ संख्या आहे. त्याचं वर्गमूळ ६४१ च्या किंचित वर, म्हणून ६४१ पर्यंतच्या सगळ्या ११६ मूळ संख्यांनी भागून पाहिलं. एकानेही भाग जात नाही.

गोखलेनगरकर

आयुकाचाही तोच पिन. गणितवाल्यांना जागा देताना कुणीतरी विचार केलेला दिसतो.

कांदाभजी

कोथरूड ४११०३८ सम. बाद. हिंजवडी ४११०५७, अंकांची बेरीज १८, नऊने भाग जातो.

हिंजवडी_फेज३

हिंजवडीला सगळ्यांनीच भाग जातो. सकाळी नऊ वाजता पुलावर या.

खडकीचा_खडूस

सदाशिव पेठ ४११०३०. दोनाने जातो, तिनाने जातो, पाचाने जातो, नवाने जातो. आमच्याबद्दल उगाच अफवा पसरवता, आम्ही किती वाटून घेतो बघा.

अंकयोगी

खडूसराव, आपण खडकीचे ना?

खडकीचा_खडूस

नाव खडकीचं, पिंड पेठेचा.

मुठाकाठ

कॅम्प ४११००१ सुद्धा मूळ! गणेशखिंडच्या यादीतल्या प्रत्येक बाकीतून ६ वजा केले की झालं, वेगळे भागाकार लागत नाहीत. बरोबर ६ बाकी आलेला एकही भाजक नव्हता, आणि ६ पेक्षा लहान भाजकांनीही भाग जात नाही.

शून्यबाकी

बघा, सहा अंकी पिनला ११६ भागाकार. अंक दोनने वाढले की भागाकार आधी साधारण सात-आठ पटीने आणि पुढे जवळपास दहा पटीने वाढतात. आपल्या संख्येला अंक आहेत चार कोटी. भागत बसण्याच्या रस्त्याने तिकडे जाताच येत नाही.

मर्सेन संख्यांमागेच सगळे का लागतात याचं उत्तरही इथेच आहे. एक तर ताईंची परीक्षा, दुसरं म्हणजे बाकी काढणं फुकट. दशमान पद्धतीत ९९९ ने भागायचं असेल तर १२३४५६ चे तीन-तीन अंकांचे गट पाडून मिळवतो: १२३ + ४५६ = ५७९, झाली बाकी. द्विमान पद्धतीत मर्सेन संख्या म्हणजे नुसते एकच एक, १३,६२,७९,८४१ एक. त्यामुळे तिथेही गट पाडून बेरीज, भागाकार नाहीच. वेळ जातो तो वर्ग करण्यात.

दप्तरदिरंगाई

कानपूरच्या तिघांनी, म्हणजे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी, २००२ मध्ये कुठल्याही संख्येला चालणारी जलद परीक्षा शोधली होती ना? पेपरात पहिल्या पानावर होतं. मग ती का नाही वापरली?

शून्यबाकी

ती परीक्षा कुठल्याही संख्येला, कुठलंही गृहीतक न धरता आणि अंकांच्या संख्येच्या बहुपदीत बसेल इतक्या वेळात (म्हणजे अंक वाढले तरी वेळ भागाकारांसारखा भडकत नाही) उत्तर देते. तत्त्व म्हणून फार मोठी गोष्ट, शतकानुशतकं लोकांना हवी होती. कामाला बसवली तर मात्र काही हजार अंकांनाच दम लागतो. ल्युका–लेहमर एकाच जातीच्या संख्यांना चालते, पण त्या जातीत तिला तोड नाही.

कांदाभजी

हिशोब केला. पानावर ३००० अंक धरले तर १३,६७५ पानं. अप्पा बळवंत चौकात छापून घ्यायची म्हटली तर सात-आठशे पानांचे अठरा खंड सहज.

गोखलेनगरकर

मुद्रितशोधन कोण करणार?

हिंजवडी_फेज३

मोठ्याने वाचायला बसलात तर सेकंदाला एक अंक या वेगाने, झोप-जेवण न धरता, ४७५ दिवस. मजकूर म्हणून फाइल ४१ एमबी, द्विमान रूपात १७. आणि द्विमानात नुसते एकच असल्यामुळे दाबून बसवली तर काहीच उरत नाही. धागाकर्त्याने पहिल्या ओळीत लिहिलं आहे तेवढंच.

पर्वतीपायथा

पिनकोडवरून परत येतो. सिद्धता पटली. पण आकडेमोड यंत्राने केली, आणि तपकीरगल्ली म्हणतात तसं एक बिट हललं तर सगळं मुसळ केरात. मग १३ कोटी पायऱ्यांत काही हललं नाही याची खात्री काय?

शून्यबाकी

एकाच यंत्रावर कुणी विसंबलं नाही. ११ ऑक्टोबर २०२४ ला डब्लिनमधल्या एका ग्राफिक प्रोसेसरने आधी 'बहुधा मूळ' असा कौल दिला. ती वेगळी, ल्युका–लेहमरहून निराळी परीक्षा. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सान अँटोनिओच्या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर ल्युका–लेहमर पुरी झाली, बाकी शून्य. मग वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे प्रोग्रॅम वेगवेगळ्या यंत्रांवर चालवले, सगळीकडे शून्य. त्यानंतर २१ तारखेला जाहीर झालं. शिवाय विचार करा, बिट चुकलं तर उत्तर कुठलं तरी आडवंतिडवं येईल. चार कोटी अंकांपैकी प्रत्येक अंक चुकून शून्यावर यावा, हे व्हायचं नाही. चुकीची भीती उलट बाजूला आहे: खरी मूळ संख्या हातातून निसटण्याची.

फळापुसणी

तसं होऊ नये म्हणून जुने घात पुन्हा तपासत बसतात. २००८ च्या ऑगस्टमध्ये ४३११२६०९ घाताची सापडली, सप्टेंबरमध्ये तिच्यापेक्षा लहान ३७१५६६६७ ची, आणि या दोघींच्या मधली ४२६४३८०१ ची चक्क २००९ मध्ये. त्यामुळे आजची ही ५२ वी ज्ञात मर्सेन मूळ संख्या असं म्हणायचं, 'ज्ञात' शब्द गाळायचा नाही.

वीजबिल

उत्सुकता म्हणून विचारतो, मतात बदल नाही. हे संपणार कधी? शेवटची मर्सेन मूळ संख्या अशी काही आहे का?

शून्यबाकी

कुणालाच ठाऊक नाही. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दाखवलं, पण मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत की कुठेतरी थांबतात हे आजही सिद्ध झालेलं नाही. पुढचं मोठं बक्षीस दीड लाख डॉलरचं आहे, पहिल्या दहा कोटी अंकी मूळ संख्येला. घरचं बिल त्यातून निघेल.

मुठाकाठ

एक डोक्यात आलं. २ घ्या: २^२ − १ = ३, मूळ. २^३ − १ = ७, मूळ. २^७ − १ = १२७, मूळ. मग आलेलं उत्तर पुन्हा घात म्हणून वर चढवत राहायचं. २^१२७ − १?

फळापुसणी

मूळ! ३९ अंकी. ल्युकाने १८७६ मध्ये यंत्राशिवाय सिद्ध केली.

हिंजवडी_फेज३

मग शोधत कशाला बसायचं? हा जिनाच चढत राहू. पुढची पायरी २^(२^१२७ − १) − १.

शून्यबाकी

चढा, पण कठड्याला धरून. ८१९१ = २^१३ − १ हीदेखील मूळ आहे. म्हणून २^८१९१ − १ मूळ असेल असं वाटायचं, ती १९५३ मध्ये संयुक्त निघाली. तुमच्या पायरीचे नुसते अंक मोजायचे तर ५ वर ३७ शून्यं, म्हणजे ती लिहून ठेवायला जगात डिस्क नाही, परीक्षा दूरच. एखादा अवयव सापडला तरच निकाल, आणि आजपर्यंत सापडलेला नाही.

मुठाकाठ

कोलसाहेबांसारखे रविवार काढायची तयारी असेल तर कुठल्या संख्यांनी भागून पाहायचं?

शून्यबाकी

२ × क × (२^१२७ − १) + १ या साच्यातल्या. क ला १, २, ३ असं वाढवत जा. लोक बरेच पुढे गेले आहेत, त्यांच्या पुढून सुरू करा.

गोखलेनगरकर

घरून रविवारची परवानगी मागितली. आधी पंखे.